वहिनी कप्तानावर ओरडली

आमची वहिनी वेंधळी आहे, असं मी म्हटलेलं चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी त्याची अशी खरडपट्टी काढते की विचारू नका. एका पायात निळी आणि दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल घालून ती बँकेत जाऊन आलेली आहे. टीव्हीचा रिमोट तिने फ्रीजमध्ये ठेवला आणि लोण्याचा डबा टीव्हीपुढे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आणि तिचा नवरा, तिच्याहून वेंधळा आहे, पण तो गपचूप वेंधळेपणा करतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वहिनीचं सगळं मोठ्याने. वस्तू हरवली तरी मोठ्याने, सापडली तरी मोठ्याने. घरात कुणी पाहुणा आला की दादा तिचे किस्से सांगायला बसतो, सगळे पोट धरधरून हसतात, आणि तीही हसते. मला वाटायचं तिला खरंच हसू येतं.

मी अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका ग्रंथालयात कामाला आहे. वाचणारे वाचतात, मी काचेच्या पलीकडे बसून यंत्र सांभाळते आणि नंतर नको ते कापते. एकदा आमची वाचणारी बाई घसा बसून घरी राहिली, तेव्हा मी वहिनीला ओढून नेलं. म्हटलं, आवाज तर आहे, बघू. तिने पहिलं पान वाचलं आणि मी हातातला चहा तसाच ठेवला. अहो, ही तीच बाई का, जी दुधाची पिशवी आणायला जाते आणि पिशवी दुकानातच ठेवून येते? एक शब्द अडखळला नाही. म्हातारा बोलायला लागला की आवाज म्हातारा, पोरगी बोलायला लागली की आवाज पोरीचा. तेव्हापासून ती तिथलीच झाली.

आमची खोली तळघरात. भिंतींना गालिचे ठोकलेले, खुर्ची करकरू नये म्हणून तिच्या पायांना चिंध्या बांधलेल्या. मायक्रोफोन इतका तिखट कानाचा की पोट गुरगुरलं तरी ऐकू येतं. म्हणून वहिनी वाचायला बसण्याआधी दोन बिस्किटं खाते, घड्याळ काढून ठेवते आणि चपला दाराबाहेर काढते. चपला त्या दिवशी एकाच जोडातल्या असल्या तर मला काचेतून पाय उचलून दाखवते.

एकच खोड. वाचता वाचता गोष्टीतल्या माणसांशी बोलते. ‘हो, जा आता त्याच्या मागे, रडशील!’ असं काहीतरी मध्येच पुटपुटते आणि पुढे वाचायला लागते. ग्रंथालयाचा नियम असा की वाचणाऱ्याने पदरचं एक अक्षर घालायचं नाही. म्हणून मी तिची पुटपुट कापायची. माझं निम्मं काम तेच.

मग विज्ञानकथांचं ते पुस्तक आलं, आणि पुटपुट संपून आरडाओरडा सुरू झाला.

लेखक एक दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून गोष्टी लिहायला लागलेले. गोष्टी झकास, पण त्यांत माणूस म्हणून जो कोणी येई तो ठार मूर्ख. एकाने सगळ्या शहराच्या चाव्या यंत्रमानवाच्या हातात दिल्या आणि स्वतः झोपायला गेला. दुसऱ्याने ‘दाबू नये’ असं लिहिलेलंच बटण दाबलं. बहुतेक गोष्टींच्या शेवटी कुठल्या तरी ताऱ्यावरचे शहाणे लोक वरून खाली बघणार आणि मान हलवत म्हणणार, ही जात काही सुधारायची नाही.

‘आले मोठे शहाणे!’ वहिनी मधल्या सुट्टीत फणफणली. ‘वरून बघायला काय जातं? या म्हणावं खाली. दोन पोरं, एक सासरा आणि तुझ्या दादासारखा नवरा सांभाळून दाखवा एक दिवस.’

‘वहिनी, गोष्ट आहे ती,’ मी म्हटलं.

‘गोष्ट कळते मला वन्सं, पण सगळीच्या सगळी माणसं गाढव?’ वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढलाय.

शेवटच्या गोष्टीत अंतराळयानाचा कप्तान. बाहेरून दारावर टकटक होते. जिथे चिटपाखरू नाही तिथे टकटक! आणि हा पठ्ठ्या उठतो, दाराकडे जातो. वहिनीचा आवाज चढत गेला, आणि ती मायक्रोफोनमध्ये ओरडली, ‘अरे गाढवा, आधी कोण आहे ते तरी विचार!’ मग लगेच जीभ चावली, आणि गोष्टीचं शेवटचं वाक्य वाचलं, ‘त्याने दार उघडलं.’

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्याच पाण्यातून पडद्यावर बघत मी ओरडणं कापायला गेले. तिचं ओरडणं आणि ते शेवटचं वाक्य, दोन्हींच्या नुसत्या रेघा शेजारी शेजारी. मी एक कापला आणि गोष्ट पाठवून दिली. पुन्हा एकदा ऐकून बघायची पद्धत आहे. पण म्हटलं, मला काय ऐकायचंय, मी काय वहिनी आहे का!

झालं. मी डॉक्टरांचं वाक्य कापलं होतं आणि वहिनीचं ठेवलं होतं.

हे आम्हाला कळलं कसं, तर आमच्या साहेबांना फोन आला. प्रत्यक्ष डॉक्टरांचा. त्यांची नजर हळूहळू गेली होती, ते आमचे सभासद झाले होते, आणि सगळ्यांत आधी त्यांनी काय मागवलं असेल? स्वतःचंच पुस्तक. ‘त्या ओरडणाऱ्या बाईंना भेटायला येतोय,’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आम्हा दोघींना समोर उभं करून त्यांनी ती गोष्ट लावली. वहिनीचा आवाज खोलीत खणखणला.

‘साहेब, चूक माझी आहे,’ मी म्हटलं. ‘मी चुकीचा तुकडा कापला.’

‘तुम्ही कापलंत, पण ओरडलं कोण?’ साहेब वहिनीकडे वळले. ‘कितीदा सांगितलं तुम्हाला? लेखकाला गाढव म्हणायचं?’

‘लेखकाला नाही, कप्तानाला,’ वहिनी म्हणाली.

‘एकच ते! त्यांनी तक्रार केली तर तुमचं वाचन बंद. माझा नाइलाज आहे.’

घरी जाताना बसमध्ये वहिनी गप्प. वहिनी आणि गप्प! मी म्हटलं, अगं काहीतरी बोल. तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘त्या खोलीत मी आजवर काही हरवलं नाही गं. एक ओळसुद्धा नाही. तिथे कुणी मला हसत नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिच्याच किश्श्यांवर मीही खिदळत होते की!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. उंच, काठी टेकत, रिक्षावाल्याने दारापर्यंत आणून सोडलेले. शिपायाने हात धरून तळघरात उतरवलं. साहेब पुढे धावले, खुर्ची काय, चहा काय, माफी काय, थांबायलाच तयार नाहीत. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

‘बाई कुठे आहेत?’

‘इथेच आहे,’ वहिनी म्हणाली. आवाज अगदी बारीक.

‘माझ्या कप्तानाला गाढव का म्हणालात?’

मी मनात म्हटलं, वहिनी, आता फक्त ‘चुकले’ म्हण. पण छे! तिची हनुवटी वर गेली.

‘म्हणणार नाही तर काय करणार? डॉक्टर, एक विचारू? तुमच्या गोष्टीतल्या एकालाही घरचं माणूस नाही का हो? बायको नाही, बहीण नाही, शेजारीण नाही. मूर्खपणा सगळेच करतात. मी तर दिवसातून दहा करते. पण आम्ही निघालो की मागून कुणीतरी ओरडतं, गॅस बंद केलास का? चावी घेतलीस का? आज मी विसरते, नवरा ओरडतो, उद्या तो विसरतो, मी ओरडते. असंच चाललंय सगळ्यांचं. तुम्ही माणूस एकटाच वर पाठवता, मागे ओरडायला कुणी ठेवत नाही, आणि मग म्हणता हा मूर्ख!’

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी तर डोळेच मिटून घेतले.

डॉक्टर चाचपत खुर्चीवर बसले. मग काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, ‘होती हो. ओरडणारी होती. माझी प्रत्येक गोष्ट आधी आमची ही वाचायची, आणि स्वयंपाकघरातून ओरडायची, असं कुणी करतं का, माणूस आहे की दगड? मी चिडायचो, पण बदलायचो. ती गेली, आणि माझी माणसं जास्तच मूर्ख व्हायला लागली. अडवायला कुणी नव्हतं ना.’ ते वहिनीकडे वळले. ‘परवा कप्तान दाराशी गेला आणि तुम्ही ओरडलात. मला वाटलं, आता हा दार उघडणार. त्याने उघडलंच नाही! मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. माझ्या गोष्टीतल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं.’

आता ते वाक्य माझ्या वेंधळेपणाने उडालंय, हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही. साहेबांनीही माझ्याकडे फक्त डोळे वटारून पाहिलं.

‘ते सगळं खरं,’ साहेब हळूच म्हणाले, ‘पण नियम आहे. बाईंना आम्हाला...’

‘डॉक्टर,’ वहिनी मध्येच म्हणाली, ‘तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीयत.’

आम्हाला सगळ्यांना ते आल्याबरोबर दिसलं होतं. कॉलरची एक बाजू कानाशी, दुसरी खाली. पण एवढा मोठा माणूस, त्यात डोळे गेलेले, कसं सांगायचं? बरं दिसत नाही. म्हणून आम्ही सभ्यपणे इकडेतिकडे बघत होतो.

डॉक्टरांचा हात गळ्याशी गेला, चाचपत खाली आला. ‘सकाळी बँकेत जाऊन आलो,’ ते म्हणाले. ‘मग औषधाच्या दुकानात. मग रिक्षा. मग तुमचा शिपाई. साहेब, तुम्हालाही डोळे आहेत ना?’

‘म्हणजे, मला वाटलं...’ साहेब लाल झाले.

‘आणि म्हणे मी माणसांना उगाच मूर्ख दाखवतो!’ असं म्हणून डॉक्टर जे हसायला लागले! खुर्ची हलायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसता त्या पाण्याचं रडं कधी झालं ते कळलंच नाही. साहेब खाली मान घालून उभे. मी रडले, उगाच लपवू कशाला. चांगली हुंदके देऊन रडले.

एकटी वहिनी तेवढी शुद्धीवर होती. ‘सगळी काढा आधी,’ ती दरडावून म्हणाली. ‘हं, आता खालून सुरू करा. खालून! वरून लावलीत तर परत तेच होणार.’

डॉक्टर निमूटपणे खालून एकेक बटण लावायला लागले. वेळ लागत होता, पण कुणीही मदतीला पुढे झालं नाही. शेवटचं लागलं तेव्हा त्यांनी मान वर करून तिच्या आवाजाच्या दिशेला विचारलं, ‘आता?’

‘आता बरोबर,’ वहिनी म्हणाली.

साहेब दाराकडे वळले. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाले, ‘बाई, उद्या नेहमीच्या वेळेला या.’