रक्त दिसलं की बाहेर
लायल ट्रेवास्किसला गाव घाबरायचं ते फक्त शनिवारी. एरवी माणूस म्हणजे गरीब गाय. धान्याच्या कोठारावरची नोकरी, संध्याकाळी टोमॅटोचे वाफे, आणि बायको ग्लेनिस म्हणेल ती पूर्व दिशा. पण शनिवारी फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, सामना सुरू झाला, की खांद्यावर टॉवेल टाकून हा क्लबचा ट्रेनर, म्हणजे खेळाडूंची मलमपट्टी करणारा, मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि त्याच्यापुढे कप्तानाचंही काही चालायचं नाही. अंगावर रक्त दिसलं की खेळाडूनं बाहेर यायचं, हा खेळाचा नियमच. पंचाची नजर चुकेल, लायलची नाही. धावत जाऊन तो पोराची मानगूट धरायचा आणि सरळ बाहेर आणायचा.

यंदा क्लबची अध्यक्ष रोझलिन हिनं एक सामना आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी ठेवला. वय झालं की घरी टपालानं सरकारी किट येतं. शौचाचा नमुना काडीवर घ्यायचा, नळीत बंद करायचा, पाकिटात घालून प्रयोगशाळेत धाडायचा; तिथं त्यात रक्त आहे का ते बघतात. फुकटात. तरी गावातले बाप्ये ते किट कपाटात कोंबून ठेवतात. रोझलिनच्या नवऱ्यानंही तेच केलं होतं. त्याच कॅन्सरनं तो गेल्यावर शेडमधल्या खिळ्यांच्या डब्यामागे ते तिला सापडलं, न उघडलेलं. म्हणून त्या शनिवारी दोन्ही संघांनी तपकिरी मोजे घातले, आणि पाकिटं टाकायला क्लबच्या दारात लाल पेटी आली.

मध्यंतरात पहिलं पाकीट लायलनं टाकलं. करंजीसारख्या खिम्याच्या पेस्टी खाता खाता लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हाताऱ्या, काडी तरी नीट धरलीस का रे?" कुणीतरी ओरडलं.

लायल हसला. पाकीट रिकामं होतं.

हिवाळ्याच्या आधीपासून त्याला संडासात रक्त दिसत होतं. मूळव्याध असेल, असं त्यानं स्वतःलाच सांगून टाकलं होतं. ग्लेनिसला काही सांगितलं नव्हतं. बिचारा भ्याला होता, दुसरं काही नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्याला आपली दाखवायची लाजही वाटत होती.

शेवटच्या डावात संघ एका गोलनं मागे असताना कप्तान ब्रोडीची भुवई फुटली. लायलनं त्याला ओढत बाहेर आणलं.

"सोड ना रे लायल! इतकंसं तर आहे. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना."

"दोन मिनिटं राहिलीत. सामना जाईल रे!"

"जाऊ दे की. पुढच्या शनिवारी पुन्हा आहे." लायल पट्टी दाबत होता. "रक्त थोडं नि जास्त नसतं, पोरा. दिसलं की बाहेर यायचं. लपवून खेळणारा शहाणा नाही, गाढव."

बोलता बोलता त्याचा हात थांबला.

"काय झालं?" ब्रोडीनं विचारलं.

"काही नाही. हलू नकोस."

सामना गेला. ब्रोडी पाय आपटत निघून गेला. रोझलिन पेटी उचलून गाडीत ठेवत होती, तेव्हा लायल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. हातातला टॉवेल पिळत राहिला.

"रोझ, माझं पाकीट काढ त्यातून. रिकामं आहे ते."

"का रे?"

"मला रक्त दिसतंय. बरेच महिने झाले."

रोझलिननं पेटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला.

"ज्यांना काही दिसत नाही ना, त्यांच्यासाठी ते किट, गाढवा. तुला दिसतंय! तुला डॉक्टर पाहिजे, सोमवारी सकाळी. ग्लेनिसला ठाऊक आहे?"

"नाही. हळूहळू सांगेन म्हणतो. हा मोसम तेवढा संपू दे—"

पलीकडे ग्लेनिस चहाचे कप धुवत होती. रोझलिननं हात उचलला, लायलची मानगूट धरली आणि सगळ्या क्लबादेखत त्याला सरळ तिच्यापुढे नेऊन उभं केलं.