सुवर्णाचा उलटा त्रिकोण

मंडळी, आज नववीच्या वर्गात मी चुकले, आणि तरी घरी खुशीत आले.

मी घेतलेल्या भूमितीच्या चाचणीत प्रमेय होतं: त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही समान असतात. पुस्तकात मधोमध एक रेघ काढून ते सिद्ध करतात. कापडे गावाच्या वरच्या वाडीतून चालत येणाऱ्या सुवर्णाने रेघच काढली नव्हती. मी शून्य दिलं.

आज पेपर वाटल्यावर ती टेबलाशी आली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी!

"बाई, माझं चुकलेलं नाय."

"अगं, रेघ कुठे आहे?"

"ती लागतच नाय." तिने कागदाचा तसा त्रिकोण कापला, आकृतीवर ठेवला आणि उलटा केला. डावा कोन उजव्यावर बरोब्बर बसला. "दोन्ही बाजू सारख्या हायत, म्हणून उलटा केला तरी बसतो."

मी पेपर पुन्हा वाचला. तिने हेच नीट लिहिलं होतं, मीच घाईत तपासलं होतं. वर्गासमोर चूक कबूल केली, पूर्ण गुण दिले आणि खडू तिच्या हातात दिला. समजावताना तिचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता.

तुमचं बरोबर उत्तर कधी कुणी असं खोडलं होतं का? तेव्हा तुम्ही उठून बोललात?