फायनल आणि सोललेलं संत्रं

सकाळी टीव्हीवर देशोदेशीच्या क्लबांच्या बास्केटबॉल स्पर्धेची फायनल लागली होती. सामना रात्रीच झालेला, आता पुन्हा दाखवत होते. गुण बरोबरीत, दोन सेकंद उरलेले आणि एक उंच खेळाडू फ्री थ्रोसाठी चेंडू घेऊन उभा. अशा क्षणी एरवी खुर्चीला न टेकणारा माझा नवरा शांतपणे संत्रं सोलत होता.

"मोबाईलवर निकाल बघितलास ना?" मी विचारलं.

"नाही गं."

चेंडू जाळीतून खाली आला. प्रेक्षक नाचायला लागले, याने एका फोडीतली बी काढली.

शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या हातांना घाई नसते. त्याला फक्त शेजारी बसलेल्याचा सामना जपायचा असतो. मंगळवारी माझ्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन आला, तेव्हाही तो असाच निवांत होता. "सगळं ठीक आहे," म्हणाला आणि चहा टाकला. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

बी काढलेली फोड त्याने माझ्यापुढे धरली.

"माझा रिपोर्ट कुठे ठेवलायस?"

फोड त्याच्या हातातच राहिली. तो टीव्हीकडे बघू लागला. तिथे तोच चेंडू पुन्हा दाखवत होते, अगदी सावकाश.