माधवनंतरचा अनुवादक

मंगळवारी माधव गेला. दवाखान्यांच्या अ‍ॅपसाठी औषधांच्या सूचना मी मराठीत लिहायचे आणि माझा नवरा, माधव, त्या हिंदीत करायचा. प्रत्येक वाक्य तो त्याच्या इंदूरच्या ताईंना फोनवर वाचून दाखवी. त्यांनी "म्हणजे काय रे?" विचारलं, की पुन्हा लिही.

आता मी अनुवादक शोधते आहे. सगळे तासाभरात मशीनमधून काढलेलं भाषांतर पाठवतात.

"हे आजारी मुलाच्या आईला कळेल का हो?" काल एकाला विचारलं.

"मॅडम, अ‍ॅपमधलं वाचतं कोण? बटण दाबतात नि पुढे जातात."

डोस किती द्यायचा, तेही न वाचता? मी फोन ठेवला. समोरच्याला कळेपर्यंत थांबणारी माणसं कुठे शोधायची असतात?

मराठी सूचना तयार आहेत. हिंदीत अजून कुणी नीट केलेल्या नाहीत.