उभ्याने जेवणारा माणूस

डावा हात कमरेवर ठेवून ते म्हणायचे, "आमी उभंच बरं, साहेब." चाकणच्या एका कंपनीत मी सुपरवायझर, ते प्रेस मशीनवरचे कंत्राटी ऑपरेटर, जवळच्याच गावचे. कँटीनमध्ये सगळे बाकावर बसायचे आणि हे खिडकीपाशी ताट धरून उभे. असा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. आपण बघतो, हसतो, विसरतो.

मी नुसता हसलो नाही. मी त्यांची नक्कल करायचो. एकदा ती ऐन रंगात असताना ते मागे येऊन थांबले. "झाक जमतीय की," एवढंच म्हणाले.

कंबर दुखते म्हणून त्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये मणक्याची थोडी झीज दिसली, त्या वयात असते तेवढीच. ते हलकं काम मागू लागले, तेव्हा मी मॅनेजरला लिहून दिलं : दुखण्याचा बहाणा आहे. त्याच आठवड्यात त्यांना चिंचवडला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजचं इंजेक्शन हा उपचार नाही, तपास आहे. त्याने मी मणक्याच्या छोट्या सांध्यांच्या नसा बधिर करते. काही तास दुखणं थांबलं, तर ते तिथूनच येतंय असं समजू. नाही थांबलं, तर दुसरीकडे शोधू. एरवी जे करताना दुखतं ते करून बघा. दुखणं परत आलं की वेळ लिहून ठेवा."

आता यांचा बहाणा उघडा पडेल, मला वाटलं.

दुपारी त्यांना घरी सोडायला गेलो. दारात ते सहज वाकले, हाताने चपला बाजूला सारल्या आणि आत जाऊन भुईवर मांडी घालून बसले. त्यांची बायको ताट वाढून आणत होती. ती मध्येच थांबली.

"तीन वर्सं झाली, साहेब," ती मला म्हणाली, "घरात बी उभ्यानंच जेवत्यात."

ते भाकरी मोडत बोलत राहिले. शेतातल्या विहिरीबद्दल, पोरीच्या शाळेबद्दल. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

साडेपाचला फोन आला. "आलं परत, साहेब. येळ लिवून ठेवा."

मी लिहिली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे माझा कागद परत मागितला. "तो वर गेला," मॅनेजर म्हणाले. हट्ट धरायला हवा होता. पण बढतीच्या यादीत माझं नाव होतं, मी गप्प बसलो. महिनाअखेरीस त्या ऑपरेटरचं कंत्राट संपलं, ते कुणी वाढवलं नाही.

पुढचं मला इतरांकडून कळलं. दुसऱ्या इंजेक्शननेही तसाच उतार पडला, मग त्याच नसांवर उष्णतेचा उपचार झाला. दुखणं पुष्कळ कमी झालं.

धीर करून एकदा त्यांच्या घरी गेलो. अंगणातच सांगितलं, "तो कागद मी लिहिला होता."

"ठावं हाय," ते म्हणाले. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "घरात बोलू नका. ती तुमाला लई मानती. साहेबांनी दवाखान्यात नेलं म्हून बरं झालं, म्हनती."

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. मी मान खाली घालून प्यायलो. साखर जास्त होती, खास पाहुण्याला घालतात तशी.