मालधक्क्याकडचे दोन खांब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सदाभाऊंना सांगायला हवं होतं — पण ते होते तेव्हा धीर झाला नाही, आणि आता ते नाहीत. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट ठाऊक नाही.

सातारा आणि सांगलीच्या मधलं आमच्या गावचं जुनं स्टेशन त्र्याण्णव साली पाडलं. दगडी इमारत, वर कौलं आणि फलाटावर सागवानी खांबांची रांग. आमच्या भागात घरटी एकजण फौजेत. पहिल्यांदा निघालेला जवान गाडी येईपर्यंत खांबावर चाकूने आपलं नाव कोरायचा. सुटीवर परत आला की त्या नावाखाली आडवी रेघ ओढायचा. काही नावांखाली रेघ नव्हती.

स्टेशन वाचवायला सदाभाऊंनी समिती काढली. ते निवृत्त सुभेदार. मी सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल, रविवारी गावी येणारा. अक्षर बरं, म्हणून खांबांवरची सगळी नावं उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. रेल्वेकडे करायच्या अर्जाची सगळी ताकद त्या यादीत होती. नुसत्या जुन्या दगडांसाठी कोण थांबणार होतं?

खांबांवर रंगाचे थर होते. खडू घासायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, मग खाचेतली अक्षरं पांढरी होऊन वर यायची. खांबांवर पारव्यांची घाण, धूळ. मी सारखा शिंकायचो. सदाभाऊ हसून म्हणाले होते, "मिलिटरीत असता तर पहिल्याच दिशी पळून आला असता, सर."

चार रविवार मी ते केलं. मालधक्क्याकडचे दोन खांब राहिले. पाचव्या रविवारी — काय सांगू? आजारी नव्हतो. पाहुणे नव्हते. ऊन होतं आणि मला कंटाळा आला होता, एवढंच. सोमवारी अर्ज द्यायचा होता. मी ग्रंथालयात पंख्याखाली बसलो आणि त्या दोन खांबांची नावं मनानेच लिहिली. अकरा नावं. आमच्याकडची आडनावं, आसपासची गावं — सुचत गेली. सहा नावांपुढे मी ‘रेघ नाही’ असंही लिहिलं. वजन पडावं म्हणून.

अर्जावरून रेल्वेचे साहेब पाहणीला आले. यादी घेतली आणि सहज मालधक्क्याकडे चालत गेले, कारण तिकडे सावली होती. यादीत तिथल्या खांबाखाली लिहिलेल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, हे दाखवा. सदाभाऊ गुडघ्यांवर बसले. खडू घासला, पुसलं, पुन्हा घासलं. साहेबांनी दुसरं नाव विचारलं. तेही नाही.

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? यादीतली बाकीची सगळी नावं खरी होती. मी एक वाक्य बोललो असतो तर माझी नाचक्की झाली असती, यादी कदाचित तरली असती. मी बोललो, ते वेगळंच. म्हणालो, "कुणीतरी घासून काढलेलं दिसतंय."

सदाभाऊंनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या वयात, चारचौघांत, ते साहेबांच्या अंगावर धावून गेले — तुमीच पुसली पोरांची नावं, म्हणून. साहेबांनी यादी बनावट असल्याचा शेरा मारला आणि फाईल मिटली. पावसाळ्याआधी स्टेशन गेलं. खांब ट्रकमधून कुठे गेले, कळलं नाही. सदाभाऊ त्यानंतर फारसे घराबाहेर पडले नाहीत. जाईपर्यंत एकच म्हणत राहिले, की नावं पुसली.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं.

त्या दिवाळीनंतर आमच्याकडच्या चंद्राबाई एसटीने सांगलीला आल्या, विचारत विचारत माझ्या ग्रंथालयात. त्यांचा मुलगा महादेव सरहद्दीवर कामी आला होता. बाजाराच्या दिवशी त्या खांबावरच्या त्याच्या नावावरून हात फिरवून जायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"मालधक्क्याकडल्या खांबावर हुतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या यादीत हाय न्हवं, सर?"

मी म्हणालो, आहे.

"मग मला कागदावर काढून द्या. त्यानं कोरलं हुतं तसंच."

मी काढून दिलं. कधी न पाहिलेली अक्षरं — जरा वाकडी, चाकूने कोरल्यासारखी. खाली रेघ ओढली नाही. तेवढं मला बरोबर सुचलं.

चंद्राबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदावरून सावकाश बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"लय खोल कोरलं हुतं त्यानं," त्या म्हणाल्या. "कागदावर लागत न्हाई हाताला." मग घडी घालून कागद कनवटीला लावला आणि मला हात जोडले.

तो कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला, असं पुढे ऐकलं.

माझी ती अकरा नावं आजही मला पाठ आहेत, क्रमाने. त्या दोन खांबांवर खरी कुणाची होती, ते आता कुणालाच माहीत नाही. त्या खऱ्यांतलं एक महादेवचं होतं.