हॅवलॉकच्या अंधारात काटा वाचताना

रात्री समुद्रात उतरायचं हे सुजाताने ठरवलं आणि मी हो म्हणाले. सुजाता माझी धाकटी नणंद, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहते, मी डोंबिवलीत. दोघींनी पंचेचाळिशी ओलांडलेली, दोघींकडे स्कूबाचं प्राथमिक सर्टिफिकेट.

सरावासाठी घोडबंदर रोडवरच्या एका तरणतलावात दिवे घालवून उतरलो. (डोंबिवलीहून माणकोली पुलाने या, तरी तासभर जास्तीचा धरा.) मुद्दा एकच होता: सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा टॉर्चच्या उजेडात वाचायचा आणि बोटांनी आकडा सांगायचा. सुजाताने एकशे चाळीस दाखवले. मीही एकशे चाळीस. तिथल्या सरांनी ‘ठीक’ची खूण केली.

घरी येताना मला चैन पडेना. मी काटा वाचलाच नव्हता. मला एक पांढुरकी तबकडी दिसली होती आणि सुजाताची बोटं. दिवसा लख्ख उजेडात चष्म्याशिवाय निभावतं, अंधारात नाही. सुजाता असेल, ती वाचेल, असं मी मनाला समजावलं. पण खाली तीही माझ्या भरवशावर असणार, त्याचं काय? तरी मी बॅग भरली.

मुंबईहून विमानाने अंदमानात पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक. बोटीचं तिकीट आधीच काढा. आम्ही ऐनवेळी काढलं आणि अख्खी दुपार धक्क्यावर बसून काढली. जेवणात मासे ताजे, पण कालवण मोहरीचं. दुसऱ्या घासाला आवडायला लागतं.

तिथे सूर्य फार लवकर मावळतो. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये पाण्यातले कपडे चढवताना मी सांगून टाकलं, “सुजा, मला अंधारात काटा दिसत नाही. त्या दिवशी मी तुझा आकडा उचलला.”

“अगं वहिनी, तो मी अंदाजे ठोकलेला! म्हटलं, चुकला तर तू आहेसच.”

पोट धरून हसलो. मग लक्षात आलं, त्या दिवशी काटा कुणीच वाचला नव्हता.

“जॉयला सांगू नकोस हं,” ती म्हणाली. जॉय आम्हाला खाली नेणार होता. “नाही म्हणाला तर? एवढ्या लांब काय नुसता मोहरीचा मासा खायला आलोय?”

मी सांगितलं. जॉयने शेडचा दिवा घालवला, हातात टॉर्च आणि तबकडी दिली. दोघींनाही वाचता येईना. मग त्याने मास्कच्या काचेला आतून पाण्याने चिकटणारी छोटी भिंगं आणली. टॉर्च सरळ मारला की तबकडीची काच चमकते. तिरका धरला की आकडे उठून दिसतात, हेही दाखवलं. आम्ही आकडा वाचला. त्याने तबकडी दुसऱ्या सिलिंडरला जोडली. “दीदी, नंबर दिख रहा है या याद है?” पुन्हा वाचून घेतला. मग नियम घातला: आधी आपला काटा वाचायचा, मग जोडीदाराचा. शंभराच्या खाली कुणाचाही गेला की सगळ्यांनी परतायचं.

खाली टॉर्चच्या झोतापलीकडे काहीच नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याची भीती वाटली नाही. प्रवाळाच्या कपारीत एक पोपटमासा झोपला होता. जॉयने हवा विचारली. मी वाचलं: एकशे दहा. तशी खूण केली. सुजाता तिच्या काट्यावर वाकली होती. तिने माझ्या बोटांकडे पाहिलंच नाही. नव्वद, तिने दाखवले. मी तिचा काटा वाचला. नव्वदच. तरणतलावासारखं झालं असतं तर तिने माझे एकशे दहा उचलले असते आणि आम्ही पुढे गेलो असतो.

परतलो. वर येण्याआधी जॉयच्या खुणेवर टॉर्च छातीशी धरून उजेड झाकला. हात हलवला की पाण्यातल्या चमकणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या निळ्या ठिणग्या उठत. त्या डोळ्यांपुढून आता पुसट होत चालल्या आहेत. ते नव्वद मात्र पुसट होत नाहीत.

मागच्या रविवारी टेंभी नाक्याजवळ मिसळ खायला बसलो. सुजाताने सवयीने मेनूकार्ड माझ्याकडे सरकवलं. मी ते परत सरकवलं. तिने इकडेतिकडे बघून पर्समधून चष्मा काढला, माझ्यासमोर पहिल्यांदाच.

“किती नंबर गं?” मी विचारलं.

“तुझा सांग आधी.”

“नियम काय ठरलाय? आधी आपला.”

“दीड,” ती पुटपुटली.

मग मी माझा सांगितला. पावणेदोन.